दसऱ्याला घर विकायचं तर पितृपक्षात कामाला लागा

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातलं वडिलांचं घर, १९९४ च्या आसपास बांधलेलं, खाली-वर दोन माळे. वडील गेले, आई आता पुण्याला तुमच्याकडे, बहीण अमेरिकेत आणि ती दिवाळीला पंधरा दिवस येणार. दलाल म्हणतो, दसऱ्याला बाजार गरम असतो, आत्ताच काढा. मामा म्हणतात, घाई कशाला, गुढीपाडव्याला पाहू. असा एकूण तुमचा प्रश्न.

माझं मत विचाराल तर घटस्थापनेला घर दाखवायला काढा, बयाणा, म्हणजे विसार, दसरा-दिवाळीच्या दरम्यान घ्या आणि रजिस्ट्री बहीण इथे असताना उरका. हे जमायचं असेल तर खरं काम त्याआधीच्या पितृपक्षात होतं, आणि नेमके तेव्हाच बहुतेक घरमालक हातावर हात ठेवून बसतात. पश्चिम आणि दक्षिण नागपुरातल्या जुन्या घरांचे सौदे करण्यात माझं आयुष्य गेलं. ऐन दसऱ्यात फिसकटलेले सौदे आठवायला बसलो, तर भावावरून मोडलेले थोडे निघतात, कागदावरून मोडलेले जास्त.

आधी इथला मोसम समजून घ्या, कारण पुण्याहून तो नीट दिसत नाही. पोळा झाला, दुसऱ्या दिवशी मारबत निघाली, की नागपुरात सणांची रांग लागते. गणपतीत लोक घरं पाहतात, ठरवत काही नाहीत. मग पितृपक्ष. या पंधरवड्यात तुमच्या घराला येऊ शकणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी निम्मेअधिक ‘पितर आटोपू द्या, मग बोलू’ म्हणतात. सगळे नाही, हेही लक्षात ठेवा. नागपुरात बौद्ध कुटुंबांचा खरेदीदारवर्ग मोठा आहे, त्यांना पितृपक्षाचं काही देणंघेणं नाही. त्या काळात फोन आला तर घर दाखवा. सणाच्या गर्दीत भेटणाऱ्या दहा जणांपेक्षा असा एक निवांत माणूस बरा. घटस्थापनेपासून मात्र फोन वाढतात. दसरा साडेतीन मुहूर्तांतला. त्यातच रेल्वे आणि कोळसा खाणींच्या कर्मचाऱ्यांचा बोनस बहुधा दसऱ्याआधी हातात पडतो. बोनसमध्ये कोणी घर घेत नाही, पण बयाण्याचा धीर त्यातून येतो.

एक व्यवहाराची गोष्ट. दसऱ्याला सरकारी सुटी, रजिस्ट्री होत नाही. त्या दिवशी होतो तो बयाणा. आणि दसऱ्याच्या आगेमागे दोन-तीन दिवस घर दाखवण्याच्या वेळा देऊ नका. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षा दिली ती अशोक विजयादशमीला, त्यामुळे दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवर देशभरातून लाखो लोक येतात. लक्ष्मीनगर, बजाजनगरकडचे रस्ते वळवलेले असतात. धरमपेठेतून तुमच्याकडे निघालेला माणूस तासभर अडकून, चिडून पोचेल आणि चिडलेल्या माणसाला घर लहानच दिसतं.

आता कागद. सगळ्यात आधी हे शोधा की जमीन कोणत्या जातीची आहे. नागपुरात हा प्रश्न सरळ नसतो. प्लॉट नागपूर सुधार प्रन्यासच्या लीजवरचा असू शकतो, गृहनिर्माण सोसायटीच्या ले-आउटमधला असू शकतो, किंवा २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित झालेला असू शकतो. नासुप्र १९३६ पासूनची संस्था आहे आणि या शहराच्या निम्म्या फायली तिच्या कपाटातून जातात. लीज असेल तर नामांतर झालंय का, भूभाटक, म्हणजे जमिनीचं भाडं, भरलेलं आहे का, हे पाहा. गुंठेवारीतला असेल तर ‘आरएल’, म्हणजे नियमितीकरणाचं पत्र, मूळ प्रतीत हवं. इथला घेणारा घरात शिरायच्या आधी विचारतो, ‘आरएल आहे का?’ त्याला ‘असेल कुठेतरी’ हे उत्तर दिलंत की तो मनातल्या मनात दोन लाख कमी करतो.

मग आखीव पत्रिका, म्हणजे तुम्ही पुण्यात प्रॉपर्टी कार्ड म्हणता ती. माझा अंदाज आहे की त्यावर अजून वडिलांचंच नाव असेल. वारसांची नोंद घालायला मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज लागतो, आणि फेरफाराच्या, म्हणजे नावबदलाच्या, नोटिशीची मुदतच १५ दिवसांची असते. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी पंधरवडा जातो, आणि सुरळीत क्वचितच होतं. गणपतीआधी अर्ज टाकला असता तर छान होतं. नसेल टाकला तर उद्या टाका. महापालिकेच्या मालमत्ता कराच्या पावतीवरचं नाव वेगळं बदलावं लागतं, आखीव पत्रिकेवर बदललं म्हणून तिथे आपोआप बदलत नाही. पाण्याचं बिल आणि विजेचं बिल यांची थकबाकी तेवढी भरून ठेवा, नावाचं नंतर पाहता येईल.

वरच्या माळ्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही, म्हणून विचारतो: तो मूळ मंजूर नकाशात आहे की नंतर चढवला? त्या काळात बांधलेल्या घरांत पोरं मोठी झाली की वर दोन खोल्या चढवायची पद्धत होती, नकाशा कोण मंजूर करून आणतो! कर्ज देणाऱ्या बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस नकाशा हातात घेऊन येतो आणि नकाशात नसलेलं बांधकाम हिशेबात धरत नाही. मग एक कोटी वीस लाखांचा सौदा ठरलेला असतो आणि बँक कर्ज देते ऐंशी-नव्वद लाखांच्या घराच्या हिशेबाने. मधली रक्कम घेणाऱ्याकडे नसते. सौदा दिवाळीच्या तोंडावर मोडतो आणि घर ‘मोडलेल्या सौद्याचं’ म्हणून वस्तीत ओळखलं जातं. वरचा माळा नकाशात नसेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा आणि नियमित करता येतो का, हे आर्किटेक्टला आत्ताच विचारा.

कराचा भाग तुम्ही प्रश्नाच्या शेवटी एका ओळीत उरकलाय: ‘आम्ही दोघं हक्कसोड करून सगळं आईच्या नावावर करणार आहोत, म्हणजे सोपं पडेल.’ हक्कसोड म्हणजे वारसाने आपला हिस्सा दुसऱ्या वारसाला सोडून देणं. थांबा. सोपं पडेल, पण महाग पडू शकतं.

समजा घर १ कोटी २० लाखांना गेलं. वडिलांनी ते २००१ च्या आधी घेतलेलं, म्हणून १ एप्रिल २००१ ची वाजवी किंमत खरेदीची किंमत म्हणून धरता येते. ती नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून काढून घ्या, आणि त्या तारखेच्या सरकारी दराच्या वर ती जाऊ शकत नाही. उदाहरणापुरती ८ लाख धरू. २३ जुलै २०२४ नंतरच्या विक्रीला साधा दर साडेबारा टक्के, महागाईची वजावट नाही. ११२ लाखांच्या नफ्यावर कर १४ लाख. त्या तारखेआधी घेतलेल्या घराला निवासी भारतीयांसाठी जुना मार्गही खुला आहे: महागाई निर्देशांकाने किंमत वाढवा आणि वीस टक्के भरा. २००१-०२ चा निर्देशांक १००, २०२५-२६ चा ३७६. म्हणजे ८ लाखांचे ३० लाख ८ हजार होतात, नफा सुमारे ९० लाख, कर जवळपास १८ लाख. तुमच्या घराला नवा दरच स्वस्त. चांगल्या वस्तीतल्या जुन्या घरांना बहुधा हेच उत्तर येतं, पण दोन्ही हिशेब करून पाहायला सीएला सांगा. सेस (करावरचा उपकर) वगैरे मी वेगळा धरलेला नाही.

आता हक्कसोडीचं. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर आई, तुम्ही आणि बहीण, तिघांचे सारखे हिस्से. नफाही तिघांत वाटला जातो, प्रत्येकी सुमारे ३७ लाख. नफ्यावरचा कर वाचवण्यासाठी आरईसी, पीएफसी यांसारख्या सरकारी कंपन्यांचे जे रोखे मिळतात, त्यांची मर्यादा माणशी ५० लाख, आणि विक्रीच्या तारखेपासून सहा महिन्यांत घ्यावे लागतात. तिघांनी आपापले ३७ लाख रोख्यांत टाकले तर कर शून्यावर येतो. सगळं आईच्या नावावर केलंत तर मर्यादा एकाच माणसाची राहते, ५० लाखांच्या वरच्या ६२ लाखांवर कर बसतो, पावणेआठ लाखांच्या घरात. रोख्यांचे पैसे पाच वर्षं अडकतात आणि व्याज बेताचं मिळतं, ते करपात्रही असतं. त्यामुळे पैसे लगेच हवे असतील तर गणित वेगळं. आईसाठी पुण्यात दुसरं घर घ्यायचं असेल तर तिसरंच, कारण विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरं घर घेतलं की त्यात गुंतवलेल्या नफ्यावर कर लागत नाही.

बहिणीचा हिस्सा तिच्याकडेच ठेवायचा तर एक कटकट आहे. निवासी विक्रेत्यांच्या बाबतीत, सौदा ५० लाखांचा किंवा वरचा असला, की घेणारा एक टक्का कर कापतो. अनिवासी विक्रेत्याच्या हिश्श्यातून मात्र साडेबारा टक्के आणि वर सेस, लागू असेल तर अधिभारही, कापावा लागतो, आणि कमी कपातीचं प्रमाणपत्र हातात नसेल तर घेणारा घाबरून पूर्ण हिश्श्यावर कापतो. पैसा बुडत नाही, परतावा मागता येतो, पण वर्षभर अडकतो. प्रमाणपत्रासाठी आयकर खात्याकडे अर्ज करावा लागतो आणि त्याला काही आठवडे जातात. बहीण दिवाळीला उतरल्यावर हे सुरू करायचं म्हटलं तर ती परत जाईल आणि प्रमाणपत्र मागून येईल. तिचं पॅन चालू आहे का, एनआरओ खातं, म्हणजे अनिवासी भारतीयाचं इथलं रुपयांचं बँक खातं, आहे का, एवढं आज रात्रीच्या कॉलवर विचारून घ्या. तिने हिस्सा आईला सोडला तर ही कटकट जाते, पण तिची ५० लाखांची मर्यादाही जाते. तेव्हा दोन हिस्से आईचे, एक तुमचा. आईचा नफा ७५ लाखांच्या आत, पन्नास रोख्यांत, उरलेल्या पंचवीसेक लाखांवर तीन लाखांच्या आसपास कर. मला विचाराल तर प्रमाणपत्र वेळेत मिळण्याची लक्षणं नसतील तेव्हा हाच मधला मार्ग बरा. तीन लाखांसाठी तयार गिऱ्हाईक हातचं घालवू नये. अमेरिकेतला तिचा कर हा वेगळा विषय, तो तिच्या तिकडच्या माणसाने पाहावा.

रजिस्ट्री ऑक्टोबर-नोव्हेंबरात झाली आणि कर भरायचाच असेल, तर १५ डिसेंबरचा आगाऊ कराचा हप्ता विसरू नका. मार्चपर्यंत वेळ आहे असं समजून लोक व्याज भरतात.

बयाण्याच्या बोलणीत कोणीतरी ‘एक नंबरचे किती, दोन नंबरचे किती’ हे विचारेलच. स्थावराच्या सौद्यात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड विक्रेत्यावर बसू शकतो. शिवाय तुम्ही तिघं रोख्यांत पैसे घालणार. रोख घेऊन करायचं काय? पहिल्या फोनवरच सांगून टाका की सगळं बँकेतून.

आता घराकडे येऊ. पावसाळा नुकता सरलेला असतो, भिंतींनी पाणी प्यायलेलं असतं. आणि दिवाळीच्या आधी अख्खं नागपूर रंगाऱ्याच्या मागे लागलेलं असतं, म्हणून लोक घाईघाईत ओल्या भिंतीवरच पुट्टी-रंग चढवून घेतात. तीन आठवड्यांत फुगे येतात. नेमके गिऱ्हाईक दुसऱ्यांदा बायकोला, सासऱ्यांना घेऊन येतं तेव्हा पापुद्रे सुटलेले दिसतात. गळती आहे तिथे आधी गच्चीचं काम करा, मग उन्हाचे दिवस मिळू द्या, मग रंग. तेवढा वेळ नसेल तर गच्ची दुरुस्त करून पावती ठेवा आणि खालचा डाग तसाच राहू द्या. ‘इथे गळत होतं, हे काम केलं, ही पावती’ असं म्हणणाऱ्यावर लोक विश्वास ठेवतात. ताज्या रंगाच्या वासाने उलट शंका येते, यानं काय झाकलंय म्हणून.

भेगांचंही पाहा. इथे बऱ्याच भागात काळी माती आहे. पावसात ती फुगते आणि ऑक्टोबरच्या उन्हात आकसते, त्यामुळे कंपाउंड वॉलला, पायऱ्यांच्या सांध्याला भेगा नेमक्या याच दिवसांत उघडतात. घरच्या भिंतीत तिरकी भेग दिसली तर पुट्टी भरायच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. त्याचा दोन ओळींचा अहवाल हातात असला की अर्धा वाद संपतो.

कूलर काढा. हे क्षुल्लक वाटेल, पण नागपूरच्या बंद घरांत मी हमखास पाहतो ते हेच: समोरच्या खोलीच्या खिडकीत कूलर उन्हाळ्यापासून तसाच, वर ताडपत्री, खाली गंजाचा तांबडा ओघळ भिंतीवरून उतरलेला, बाजूच्या फटीत वर्तमानपत्र कोंबलेलं. तो हलवला की खोलीत एकदम उजेड येतो. ओघळ सॅण्डपेपरने घासून तेवढाच पट्टा रंगवला तरी चालतं. कूलरचं स्टँड आणि पाण्याचा नळ मात्र ठेवा. एप्रिल-मेचं ऊन पाहिलेला इथला माणूस ते शोधतोच. तसंच आवारातलं आणि शेजारच्या रिकाम्या प्लॉटमधलं गाजरगवत कापून घ्या. प्लॉट तुमचा नसला तरी मजुरी द्या, कारण सप्टेंबर-ऑक्टोबरात डेंग्यूची धास्ती असते आणि साचलेलं पाणी पाहून लहान मुलांचे आईबाप फाटकातूनच परत फिरतात.

पाण्याचा आणखी एक प्रश्न येईल. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा ले-आउट भागात घराघरात पाणी शिरलं. तेव्हापासून पश्चिम नागपुरात घर घेणारा प्रत्येक जण विचारतो, ‘इकडे पाणी आलं होतं का?’ तुम्ही पुण्यात होता, म्हणून शेजाऱ्यांना नीट विचारून ठेवा आणि खरं असेल तेच सांगा. लोक चहाच्या टपरीवर पुन्हा विचारतातच.

घर सकाळी नऊ ते अकरा किंवा चार ते साडेपाच दाखवा. दिवाळीच्या सुमारास अंधार लवकर पडतो, आणि ऑफिस सुटल्यावर सहानंतर येणाऱ्याला रिकामं घर उदास वाटतं. किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवली असेल तर सणाच्या दिवसांत त्यांना किती वेळा उठवणार? विश्वासातल्या कोणालातरी रीतसर पैसे देऊन सकाळी खिडक्या उघडायला सांगा, बंद घराचा कुबट वास जायला तासभर लागतो.

भावाचं थोडक्यात सांगतो. शेजारच्याने ‘दीड कोटी मागितले होते’ हा भाव नसतो. मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये तुमच्या भागातल्या अलीकडच्या विक्रीपत्रांचे ‘इंडेक्स टू’, म्हणजे नोंदणीचे गोषवारे, पाहा, त्यात सौद्याची रक्कम लिहिलेली असते. काही सौद्यांत ती कमी दाखवलेली असते हे धरून चाला, तरी अंदाज येतो. दसऱ्याला तुमची खरी स्पर्धा आहे बेसा, मनीषनगर, वर्धा रोडच्या नव्या फ्लॅट स्कीमशी. त्यांच्या जाहिरातींत मॉड्युलर किचन फुकट, अमुक फुकट. तुमच्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच, पण वजनाचं: बांधकाम चालू असलेल्या नेहमीच्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी लागतो, तुमच्या घरावर तो नाही, आणि प्लॉट लीजवरचा नसेल तर खाली जमीन स्वतःची. दलाल महारेरात नोंदणीकृत आहे का, हे पाहा आणि त्याची दलाली आधी लिहून घ्या. ‘दसऱ्यानंतर भाव पडेल’ अशी भीती घालत असेल तर दुसरा पाहा.

कारण दिवाळीपर्यंत सौदा झाला नाही तरी काही बिघडत नाही. त्यानंतर वेगळं गिऱ्हाईक बाजारात येतं, ज्याचा शहरातल्या लोकांना विसर पडतो. काटोल, नरखेड, वरूडकडचा संत्र्याचा आंबिया बहार ऑक्टोबर ते डिसेंबरात निघतो, सोयाबीन आणि कापसाचा पैसा त्याच सुमारास हातात येऊ लागतो. पोरांच्या शिक्षणासाठी नागपुरात घर घेऊ पाहणारे शेतकरी या काळात चकरा मारतात. त्यांना ताबा जूनच्या आत हवा असतो, घाई नसते, आणि बरेचदा कर्जही नको असतं. तुमच्यासारख्या दोन माळ्यांच्या घराला, ज्यात वर पोरं राहतील आणि खाली भाडेकरू ठेवता येईल, हे गिऱ्हाईक मला दसऱ्याच्या गिऱ्हाइकापेक्षा जास्त आवडतं. फक्त फेरफार, नासुप्रची कामं डिसेंबरच्या आत संपवा. विधानसभेचं हिवाळी अधिवेशन लागलं की साहेब लोक तिकडे गुंततात आणि फाईल टेबलावरून हलत नाही. मामांच्या पाडव्यापर्यंत थांबायचं तर १ एप्रिलला रेडी रेकनरचे, म्हणजे जमीन-घरांचे सरकारी, दर बदलू शकतात, हेही हिशेबात धरा.

असं झालं तर बहिणीची सही? ती दिवाळीला येईल तेव्हाच तुमच्या नावाने, फक्त या घरापुरतं, नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र करून घ्या. अमेरिकेतून पाठवायचं म्हटलं तर तिथे साक्षांकन, मग भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक, असा फेरा पडतो.

आखीव पत्रिकेचा ताजा उतारा आणि मंजूर नकाशाची प्रत काढा. उताऱ्यावर नाव कुणाचं आहे आणि नकाशात वरचा माळा आहे का, एवढं कळवलंत तर बयाणापत्रात मुदत किती ठेवायची ते सांगतो.